मदत हवी आहे: किल्ल्याच्या केकचे मनोरे सरळ उभे कसे ठेवायचे?

मेघना_त
मुलीच्या वाढदिवसाला परीकथेतल्या किल्ल्याचा केक करायचा आहे. मधला केक ८ इंची चौकोनी, उंची १० सेंमी. चार कोपऱ्यांवर ७ सेंमी व्यासाचे आणि १८ सेंमी उंच गोल मनोरे, वर टोकदार छपरं. केक अंड्याशिवायचा हवा. ठिकाण ठाणे, महिना जुलै, आणि केक गाडीने अर्धा तास न्यायचा आहे.

चाचणीसाठी एक मनोरा केला. स्पंजच्या चकत्या, मध्ये व्हिप्ड क्रीम, आरपार सीख कबाबची एक काडी, वरून फाँडंट (लाटून केकवर चढवायची साखरेची कणीक). तासाभरात तो खालून फुगला, फाँडंटला आडव्या सुरकुत्या पडल्या आणि मनोरा एका बाजूला कलला. जाड काडी घातली तर भागेल का? की केकचे मनोरे करूच नयेत?

साखरपाक
जाड काडीने फक्त कलणं थांबेल, फुगणं नाही. मधली काडी मनोऱ्याला पडू देत नाही, पण वजन पेलत नाही. चकत्या काडीवरून खाली सरकतच राहतात आणि सगळा भार सर्वांत खालच्या चकतीवर येतो. तुमच्या मापाचा मनोरा गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) आणि फाँडंटसकट पाऊण किलोच्या पुढे जातो. मऊ स्पंज आणि व्हिप्ड क्रीम तेवढं सोसत नाही. शिवाय व्हिप्ड क्रीमच्या ओलाव्याने फाँडंट आतून विरघळायला लागतं.

वजन पेलायला मधला मजला हवा. साधारण ९ सेंमी उंचीवर ७ सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची केकची चकती घाला आणि तिच्याखाली तीन जाड स्ट्रॉ उभ्या करा, बोबा चहाच्या असतात तशा. तिन्ही स्ट्रॉ एकाच मापाच्या कापा. दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी वरचा अर्धा भाग तिरका बसतो. आता वरच्या अर्ध्याचं वजन स्ट्रॉमधून थेट खाली जातं आणि खालच्या केकला फक्त स्वतःचा भार उरतो.

काडीऐवजी ६ मिमीचा लाकडी दांडा घ्या, मनोऱ्यापेक्षा १ सेंमी कमी उंचीचा. केकला लाकूड लागू नये म्हणून त्यावर स्ट्रॉ चढवा. पुठ्ठ्याच्या चकत्यांना स्ट्रॉसकट दांडा जाईल एवढं भोक आधीच पाडून ठेवा.

मनोऱ्यासाठी कंडेन्स्ड मिल्कचा घट्ट केक करा, दह्याचा हलका स्पंज नको. थाळीत २.५ सेंमी जाडीचा भाजून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि गार असतानाच ७ सेंमीच्या कटरने चकत्या पाडा. एका मनोऱ्याला सात लागतील. चकत्यांमध्ये गनाशचा अगदी पातळ थर पुरे, जाड थर दिला तर चकत्या घसरतात.

अंगणवेल
साखरपाक यांच्या म्हणण्यात एक भर. मनोरे केकवर ठेवूच नका, बोर्डवर उभे करा. चौकोनी केक गार असताना त्याच्या चारही कोपऱ्यांतून ९ सेंमीच्या गोल कटरने पाव वर्तुळ कापून काढा. मनोरा त्या खाचेत बसतो. मधल्या केकवर त्याचा भार येत नाही आणि दोन बाजूंनी आधारही मिळतो.

बोर्ड १२ मिमी एमडीएफचा (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) आणि १४ इंची घ्या. मनोऱ्यांसकट रुंदी साडेअठ्ठावीस सेंमीच्या आसपास होते, त्यामुळे १२ इंची बोर्डवर कडेला बोट टेकवायलाही जागा उरत नाही. बोर्डला चार भोकं पाडून खालून स्क्रूने दांडे पक्के करा आणि मग तयार मनोरे वरून ओवा.

मधल्या केकवर एकसंध फाँडंट पांघरण्यात वेळ घालवू नका, आतल्या गोलाईत ते हमखास फाटतं. चार भिंतींच्या चार सपाट पट्ट्या कापा, ११ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच, आणि वरचा तुकडा वेगळा. कोपरे मनोऱ्यांमागे झाकले जातात. अर्धा किलो फाँडंटमध्ये मधला केक होतो.

केकशाळा
मी या मापाला केकचे मनोरे सुचवणार नाही. चार मनोऱ्यांमधला केक कापताना चुरा होतो, मुलं खात नाहीत आणि मेहनत दुप्पट पडते. कुरमुऱ्यांचे करा.

कुरमुरे १५० अंशांवर ८-१० मिनिटं भाजून पूर्ण गार करा. पावसाळ्यात ही पायरी टाळली तर ते चामट होतात. १०० ग्रॅम कुरमुऱ्यांना २५० ग्रॅम वितळवलेलं पांढरं कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं). पुठ्ठ्याच्या नळीला आतून बटर पेपर लावा, मधोमध स्ट्रॉ उभी धरा आणि मिश्रण थोडं थोडं घालून लाटण्याच्या टोकाने दाबत जा. सैल भरलं तर बाहेर काढताना तुकडा पडतो. वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग नळी कापून काढा. खडबडीत अंगावर गनाशचा एक हात दिल्याशिवाय फाँडंट लावू नका, प्रत्येक कुरमुरा वरून दिसतो.

मार्शमेलोची पाककृती बरीच दिसेल, पण नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं. घरात शाकाहारी मंडळी असतील तर आधी पाकीट वाचा.

साखरपाक
केकशाळा, वजनाच्या आणि वेळेच्या दृष्टीने तुमचं बरोबर आहे. पण कुरमुऱ्यांचा मनोरा चाकूने नीट कापता येत नाही, तो फोडावा लागतो. पाहुणे जास्त आणि केक कमी पडणार असेल तरच केकचे मनोरे करावेत, नाहीतर कुरमुऱ्यांचे.

मेघना_त
खूप आभार. कुरमुऱ्यांचे करते. पाहुणे पंचवीसच आहेत, मधला केक पुरेल. आता तीन शंका. गनाशचं प्रमाण काय? फाँडंट किती लागेल? आणि छपरांना आइस्क्रीमचे कोन चालतील का?

अंगणवेल
गनाश: डार्क चॉकलेट दोन भाग, २५ टक्के फॅटची क्रीम एक भाग, वजनावर. पांढऱ्या चॉकलेटला तीनास एक, पावसाळ्यात साडेतीनास एक. लावल्यावर रात्रभर घट्ट होऊ द्या.

फाँडंट: मनोऱ्याचा व्यास गनाशसकट ७.८ सेंमी धरा, म्हणजे परीघ साडेचोवीस. २७ बाय १८.५ सेंमीची, ३ मिमी जाड पट्टी लाटा आणि जादा भाग सांध्यावर कापा. एका मनोऱ्याला सुमारे २०० ग्रॅम. सांधा मधल्या केकच्या बाजूला वळवा. ५०० ग्रॅम फाँडंटमध्ये एक छोटा चमचा सीएमसी पावडर (फाँडंट घट्ट करणारी खाण्याची भुकटी) मळा आणि पट्टी लाटल्यावर दहा मिनिटं तशीच राहू द्या. लगेच गुंडाळली तर स्वतःच्या वजनाने खाली ओघळते आणि तळाशी घडी पडते.

कोन नको. शुगर कोनचं तोंड तुमच्या मनोऱ्याला लहान पडतं आणि दमट हवेत वेफर लोळतो. जाड कार्डशीटचं छप्पर करा: १३ सेंमी त्रिज्या, १३० अंशांचा तुकडा, अधिक १ सेंमी चिकटवायला. तळाचा व्यास जवळजवळ ९.४ सेंमी येतो, म्हणजे मनोऱ्याबाहेर सगळीकडून अर्धा सेंमी वळचण. त्यावर फाँडंट पातळ लावा.

केकशाळा
छपरं आणि तटावरच्या चर्या (भिंतीच्या माथ्यावरचे दाते) तीन दिवस आधी करा, चर्यांचे दीड सेंमीचे चौकोन एसीच्या ड्राय मोडमध्ये वाळतात. जंग्यांच्या (भिंतीतल्या मारा करायच्या भोकांच्या) फटी मात्र फाँडंट ओलं असतानाच बोथट सुरीने दाबा, वाळल्यावर तडे जातात.

फाँडंट लावलेला केक फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढला की जुलैच्या हवेत पाणी सुटतं आणि काळा-लाल रंग ओघळतो. आत फळं किंवा ताजं क्रीम नसेल तर २२-२४ अंशांच्या खोलीत एक रात्र ठीक राहतो. ठेवावाच लागला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात टेप लावून ठेवा आणि बाहेर काढल्यावर तासभर खोकं उघडू नका.

मेघना_त
गाडीत छपरं लावून न्यावी का?

अंगणवेल
नाही. मनोरे बोर्डवर पक्के करून न्या, छपरं वेगळ्या डब्यात. तिथे पोचल्यावर वितळवलेल्या पांढऱ्या कंपाउंडने चिकटवा, दोन मिनिटांत धरतं. केक सीटवर किंवा मांडीवर नको, सीट मागे उतरती असते. डिकीत सपाट जागी, खाली रबरी जाळीची चटई, आणि निघण्याआधी पंधरा मिनिटं एसी.

साखरपाक
केक कापणाऱ्याला आधी सांगून ठेवा: चार दांडे, चार कार्डाची छपरं. आधी छपरं काढायची, मग मनोरे दांड्यावरून सरळ वर उचलायचे आणि मगच मधला केक कापायचा. झेंड्यांना टूथपिक वापरू नका, लहान मुलांच्या तोंडात जाते. कच्ची शेवई चालते.