एकच चैतन्य, पण लिफ्ट वेगळी?

मुलुंडकर: कालच्या चर्चेत एका ताईंनी लिहिलं होतं, "ध्यानशिबिरातून आल्यापासून सगळ्यांत एकच चैतन्य दिसतं. भाजीवालीशी घासाघीस सोडली, रोज कबुतरांना दाणे टाकते." ते डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा. अद्वैत खरं की खोटं, यात मला पडायचं नाही. तुमच्याकडच्या मावशींना चहा कोणत्या कपात मिळतो, ते सांगा. आमच्या सोसायटीत दर गुरुवारी सत्संग असतो आणि कामाला येणाऱ्या बायकांना मोठी लिफ्ट बंद. दोन सभांत विषय काढला, दोन्हीदा पुढे ढकलला. साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. एकत्व मानणाऱ्याला कुठलंतरी बंद दार उघडावं लागतं.

तुळस: ती ताई मीच. आमच्याकडे कप वेगळा नाही. न विचारता आरोप कसला करता? भाजीवालीला दहा रुपये जास्त गेले तर तुमचं काय बिघडलं?

परळकर: ताई, मला कबुतरांबद्दल बोलायचंय. माझ्या आईला दोन वर्षं कोरडा खोकला. दमा म्हणून औषधं चालली. शेवटी सीटी स्कॅन झाला तेव्हा कळलं, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीने फुफ्फुसांना येणारी सूज. कारण कबुतरांची विष्ठा, पिसांची धूळ. शेजारच्या गॅलरीत रोज दाणे पडायचे. आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे, आई न्हाणीघरापर्यंत गेली तरी धापा टाकते. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना झाकला, तर लोकांनी ताडपत्री फाडली. त्या चैतन्यात माझी आई धरलीय का नाही?

जीवदया: आईंबद्दल वाईट वाटतं. पण आमच्या तीन पिढ्या दाणे टाकतायत, कुणाला काही झालं नाही. गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ दिसत नाही? मुक्या जिवांवरच राग का?

परळकर: धूर आहेच. पण पुण्य लागेल म्हणून माझ्या खिडकीत कुणी धूर सोडत नाही! आणि तुमच्या तीन पिढ्यांनी माझ्या आईचा श्वास परत येणार आहे का?

पैठणची आजी: नाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगेचं पाणी पाजलं, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. बाळांनो, ती कावड नाथांनी स्वतःच्या खांद्यावर वाहून आणली होती. दुसऱ्याच्या जिवावर भूतदया करायची नसते.

जीवदया: बरं, गॅलरीत नको. पण मोकळ्या मैदानावर जागा तरी द्या. उपाशी मारायचं का त्यांना?

मुलुंडकर: इतके प्रतिसाद कबुतरांवर. मावशींवर किती?

तुळस: लिहिते. कप तोच आहे, पण मावशी ओट्याशी उभ्यानेच चहा पितात. बारा वर्षांत मी त्यांना "बसा" म्हटलेलं नाही. कबुतरांना दाणे उद्यापासून बंद, तेही परळकरांच्या आईंसाठी, तुमच्या चढ्या आवाजामुळे नाही.

मुलुंडकर: तुम्हाला न विचारता लिहिलं, ती माझी चूक. लिफ्टचं मात्र एक अक्षरही मागे घेत नाही.