हंबकरचा आवाज दबका येतो. पिकअप बदलावा का?

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक गिटारला ब्रिजपाशी (तारा टेकतात त्या पट्टीपाशी) एक हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारा भाग), आणि पुढे दोन सिंगल कॉइल पिकअप आहेत. सिंगल कॉइल स्वच्छ वाजतात, पण हंबकरचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. त्याच्या जागी चार वायरींचा नवा हंबकर घरीच बसवण्याचा विचार आहे. कोणत्या प्रकारचा घ्यावा आणि जोडणी करताना काय सांभाळावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

उत्तर १ : खरेदीपूर्वी व्हॉल्यूम पॉट (आवाजाच्या नॉबखालचा बदलता रोध) तपासावा. सिंगल कॉइलला २५० आणि हंबकरला ५०० किलोओहमचा पॉट लावण्याचा प्रघात आहे, आणि एकच पॉट तिन्ही पिकअपना सामाईक असल्याने तो २५०चा निघाल्यास हंबकरचा ट्रेबल (उंच सूर) बोथट होणारच. आकडा बहुधा पॉटवरच छापलेला असतो. मल्टिमीटरने मोजायचा असेल तर पिकअपची वायर आधी सोडवावी, अन्यथा पॉटऐवजी पिकअपचाच सुमारे ८ किलोओहम रोध दिसतो. मी स्वतः यात एक संध्याकाळ घालवली आहे. ५००चा पॉट लावल्यावर सिंगल कॉइल कर्कश वाटल्यास त्या प्रत्येकाच्या हॉट (संकेत वाहणाऱ्या) वायरीपासून ग्राउंडपर्यंत (सामाईक परतीच्या जोडणीपर्यंत) ४७० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. एवढे करूनही पिकअप बदलायचाच असेल, तर ‘जास्त आउटपुट’ या शब्दांना भुलू नये, कारण अधिक वेढ्यांनी आवाज मोठा होतो खरा, पण ट्रेबल सहसा आणखी घटतो.

उत्तर २ : वायरींच्या रंगांवर अंदाजाने विसंबू नये. सेमूर डंकन कंपनीच्या हंबकरमध्ये काळी वायर हॉट असते, लाल व पांढरी एकमेकींना जोडतात आणि हिरवी उघड्या वायरीसह ग्राउंडला जाते. दिमार्झिओ कंपनीच्या हंबकरमध्ये मात्र लाल हॉट असते आणि काळी-पांढरी एकमेकींना जोडतात. पॉटच्या पाठीवर सोल्डर करण्यासाठी ४० ते ६० वॉटचे आयर्न घ्यावे, कारण दुबळे आयर्न बराच वेळ टेकवून ठेवावे लागते आणि त्या उष्णतेने पॉट आतून बिघडू शकतो. ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर तुटली नाही ना, हेही पाहावे. ती सुटली की घरघर वाढते आणि दोष उगाच नव्या पिकअपला दिला जातो.

प्रश्नकर्ता : पॉट २५०चाच निघाला. तो बदलल्यावर आवाज बराच खुलला, तरीही मनात होताच म्हणून नवा हंबकर बसवला. आता तो एकटा उत्तम वाजतो, परंतु मधल्या पिकअपबरोबर लावला की आवाज किरटा होतो आणि खर्ज नाहीसा होतो.

उत्तर २ : दोन्ही पिकअप परस्परविरुद्ध फेजमध्ये आहेत, म्हणजे त्यांचे संकेत एकमेकांना खोडतात. हंबकरची हॉट आणि ग्राउंडला गेलेली रंगीत वायर यांची अदलाबदल करावी; उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्यावी. पिकगार्ड (पिकअप बसवलेली पुढची पट्टी) बंद करण्यापूर्वी केबल ॲम्पला जोडून, प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवून, पिकअप निवडण्याच्या स्विचच्या पाचही जागा तपासून घ्याव्यात.