फ्लॅट स्वस्त, पण कोणाला?

या चर्चेत एकांनी हिशोब मांडलाय की पुण्यात शिकणाऱ्या तिघांनी मिळून टू-बीएचके घेतला तर हॉस्टेलपेक्षा स्वस्त पडतं. भाड्यापुरतं खरं आहे. पण डिपॉझिट, एजंटची दलाली आणि ११ महिन्यांचा करार? मे महिन्यात परीक्षा संपली की तिसरा भिडू बाडबिस्तरा घेऊन गावी, आणि उरलेलं भाडं दोघांच्या गळ्यात. (करार नोंदवलेलाच हवा म्हणा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकाची आहे.)

सदाशिव-नारायण पेठेतल्या कॉट बेसिसबद्दल, म्हणजे खोली नाही तर फक्त एक कॉट भाड्यानं घेण्याबद्दल, कोणी बोललंच नाही. एका खोलीत चार लोखंडी कॉट, भिंतीतलं एकच कपाट चौघांत, गरम पाणी सकाळी आठपर्यंत. जेवायला मेस. गावी जाताना खाडा आधी सांगायचा, नाहीतर पैसे गेले. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद, मग वडापाव. तरी स्पर्धा परीक्षावाली मुलं तिथंच चिकटून असतात, कारण अभ्यासिका चालत पाच मिनिटांवर.

मुलींचं गणित वेगळं. अभ्यासिका रात्रभर उघडी असून उपयोग काय, हॉस्टेलचं गेट रात्री बंद! मुलांना तोच नियम सैल. माझ्या मते मुली फ्लॅटकडे वळतात त्या यामुळेच, हौसेनं नाही.

आणि सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना जरूर बघावी. पुणे-मुंबईसारख्या शहरांत जेवण-राहण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात.