मदत हवी आहे : वेदनाशामक गोळ्यांनंतर निरोगी माणसाचं क्रिएटिनिन वाढतं का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय 27, बीपी नाही, शुगर नाही, रोज पळायला जाणारा. पाठीत उसण भरली म्हणून त्याने डायक्लोफेनॅक 50 मिग्रॅ दिवसातून दोनदा, असं सहा दिवस घेतलं. मध्येच जुलाब लागले, तरी गोळ्या चालूच ठेवल्या. नंतर रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) 1.4 आलं. गेल्या वर्षी 0.9 होतं. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून कितीदा पाहिले. नव्या कागदावर आकड्यापुढे ठळक 'एच' (हाय, म्हणजे जास्त) छापलाय, नजर तिथेच अडते.

डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला लावल्या आणि दहा दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलंय. पण झालं कशामुळे, हे विचारायचं गडबडीत राहूनच गेलं.

वाचून एवढं समजलं की ही गोळी सायक्लोऑक्सिजनेज हे एन्झाइम अडवते. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतं आणि दुखणं थांबतं. पण तेच प्रोस्टाग्लँडिन मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी रुंदही ठेवतं. मग 'निरोगी माणसाला काही होत नाही' असं जे लिहिलेलं असतं, ते कितपत खरं? शिवाय बाबा रामिप्रिल हे बीपीचं औषध घेतात, तेही एन्झाइमच अडवणारं औषध. त्यांचं क्रिएटिनिन मात्र इतकी वर्षं जिथल्या तिथे. जाणकारांनी कृपया सांगा, खूप काळजी लागली आहे.

प्रतिसाद :

ताई, 'निरोगी माणसाला काही होत नाही' हे खरं आहे, पण अंगात पाणी आणि मीठ पुरेसं असेल तरच. तेव्हा मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनवर फारसं अवलंबून नसतं. जुलाबात पाणी-मीठ गेलं की अँजिओटेन्सिन-2 हे संप्रेरक वाढतं, त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि आत येणारी नळी उघडी ठेवायचा भार प्रोस्टाग्लँडिनवर पडतो. ऐन त्याच वेळी गोळीने ते बंद पाडलं.

रामिप्रिल अँजिओटेन्सिन-2 तयारच होऊ देत नाही, त्यामुळे गाळणीतून बाहेर जाणारी नळी सैलावते. निरोगी माणसात मूत्रपिंडाला जाणारं रक्त उलट थोडं वाढतं, गाळण्याचा वेग साधारण तेवढाच राहतो. पण बाबांना डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर देऊ नका. रामिप्रिल आणि अशी वेदनाशामक गोळी एकत्र आली की गाळणीतला दाब राखणारे दोन्ही उपाय जातात. त्यांना जुलाब-उलट्या झाल्या तर रामिप्रिलचं काय करायचं, हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणखी एक. जुलाबावर भावाने कुठली अँटिबायोटिक घेतली होती का? ट्रायमेथोप्रिम या अँटिबायोटिकमुळे क्रिएटिनिन लघवीत टाकायची एक वाट अडते. गाळणी ठणठणीत असली तरी आकडा चढतो. व्यायाम करणारे घेतात ती क्रिएटिन पावडर घेत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ती :

मनापासून आभार. पावडर नाही घेत. पण आत्ताच त्याच्या बॅगेतून रिकामी स्ट्रिप काढली. मागे बारीक अक्षरात सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम लिहिलंय! तीन दिवस घेतली म्हणतो, आणि डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळी स्ट्रिप घेऊनच जाते. फेरतपासणीत सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडाचं काम पाहायची रक्ताची दुसरी तपासणी) पण करून घ्यावं का, म्हणजे खरं काय ते कळेल?