शेततळ्यात पोहलो, पाठ पार भाजून निघालीय. घरी काय करता येईल?

चोपड्याचा_पाहुणा (रात्री ११:४०)

मंडळी, पालथा पडून मोबाइलवर टाइप करतोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. नोकरी पुण्याला, आखाजीसाठी चोपड्याजवळ मामांच्या गावी आलोय. काल सकाळी साडेदहाला मामेभावांबरोबर केळीच्या मळ्यातल्या शेततळ्यात उतरलो, तो दीडलाच बाहेर आलो. अंगावर फक्त बर्म्युडा. पाणी गार, त्यामुळे ऊन जाणवलंच नाही. घरी येऊन खापरावरची पुरणपोळी आणि आमरस हाणला आणि झोपलो, तोवरही काही नव्हतं. पाच वाजता उठून शर्ट घालायला गेलो आणि ओरडलोच.

आज कालच्यापेक्षा जास्त त्रास आहे. दोन्ही खांदे आणि वरची पाठ लालबुंद, नुसता हात जवळ नेला तरी धग लागते. बनियनची शिवण टेकते तिथे तर जीव जातो. उजव्या खांद्यावर मसुराएवढे तीन-चार फोड आलेत. ताप नाही, उलटी नाही, डोकं थोडं जड आहे.

घरात तीन पक्ष पडलेत. आजी म्हणते गाईचं तूप लाव. मामी लिंबू आणि हळद घेऊन उभी. धाकट्या मामेभावाने टूथपेस्ट आणलीय. मी अजून कुणालाच हात लावू दिलेला नाही. परवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत जायचंय आणि पाठीवर लॅपटॉपची बॅग.

आणखी एक. मामेभाऊ माझ्याइतकाच वेळ पाण्यात होते, त्यांना काहीही झालेलं नाही. उलट हसतायत. असं कसं?

सावद्याची_सिस्टर (रात्री १२:१५)

आधी मामींच्या हातातलं लिंबू काढून घे बाळा. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की त्यानेच वेगळं भाजतं आणि काळा डाग महिनोन् महिने जात नाही. रसवंतीवर लिंबं पिळणाऱ्या पोरांच्या बोटांवर मी हे पाहिलंय. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं सिस्टर होते, त्यामुळे उन्हाळ्यात लोक अंगाला काय काय फासून येतात ते मला विचार. टूथपेस्ट लावून आलेल्यांची तर आधी टूथपेस्टच धुवावी लागायची, आणि ती धुताना ते जे ओरडायचे! तूप आजींना भातावर वाढायला सांग. ताज्या भाजलेल्या कातडीवर तूप-तेल लावलं की आतली धग बाहेर पडत नाही.

तुला आता हवंय पाणी. पण नळाचं नको. आपल्याकडे गच्चीवरची टाकी रात्री दहालासुद्धा अंग शेकायच्या कामाची असते. माठातलं घे. बर्फ मात्र थेट लावू नकोस, भाजलेल्या जागी बर्फाने आणखी इजा होते. आजींचं जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं असेल तर त्याची चौपदरी घडी कर, माठाच्या पाण्यात बुडव, हलकं पिळ आणि पाठीवर नुसतं ठेव. घासायचं नाही. दोन मिनिटांत ते कापड कोमट होतं, बघशील. परत बुडवायचं. असं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. शेवटी पुसून कोरडं करू नकोस. ओल असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव.

कोरफड दारात असेलच. पण पान कापलं की लगेच थापतात सगळे, तिथेच चुकतात. कापलेल्या टोकातून पिवळा, कडू चीक गळतो, त्याने खाज सुटते. पान पेल्यात कापलेलं टोक खाली करून पंधरा मिनिटं उभं ठेव, चीक गळू दे. मग धुऊन साल काढ आणि फक्त मधला पारदर्शक गर घे. आधी हातावर थोडा लावून बघ. फोड आहेत तिथे लावू नकोस.

फोड फोडायचे नाहीत. मामेभाऊ सुई घेऊन आला तर त्याला खोलीबाहेर काढ. फोडावरची कातडी ही फुकटात मिळालेली पट्टी आहे. एखादा आपोआप फुटला तर साध्या साबण-पाण्याने हलक्या हाताने धुऊन स्वच्छ गॉज ठेव.

दुखण्यावर जेवण झाल्यावर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनने सूजही उतरते, पण उपाशीपोटी नाही, ॲसिडिटी किंवा किडनीचा त्रास असेल तर नाही, आणि दिवसभर पाणी कमी प्यायला असशील तरी नाही. ताक, पन्हं, पाणी, जे मिळेल ते पीत राहा. डोकं जड आहे म्हणतोस, ते बहुतेक त्यामुळेच असेल.

थंडी वाजून ताप आला, उलट्या सुरू झाल्या, चक्कर आली, फोड पाठभर पसरले किंवा त्यात पू दिसला तर घरी बसायचं नाही, डॉक्टर. आणि अंग तव्यासारखं तापून माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालत राहायचं.

केळीवाला_रावेर (सकाळी ६:०५)

उघडं आंग करीसन उनमा पव्हाले कोनी सांगेल व्हतं रे भो?

राग मानू नको. पण आमच्या केळीच्या घडालासुद्धा ऊन लागतं, दांडा काळा पडतो, म्हणून वाळकं पान बांधून झाकतो आम्ही. आणि तुम्ही पुण्याहून येऊन साडेदहा ते दीड उघडे! मळ्यात कामाला येणारा माणूस बघ, पूर्ण बाहीचा शर्ट, डोक्याला बागायती रुमाल. मजूर दिवस उगवायला येतात आणि ११ ला सावलीला जातात, ते काय आळशी आहेत म्हणून? मेच्या शेवटच्या आठवड्यात तर आपल्या खान्देशात एक दिवस दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. पाणी गार असलं म्हणून ऊन थोडंच गार होतं.

आणि पाठीपेक्षा मला त्या शेततळ्याचं जास्त वाटतं. प्लास्टिकचा कागद शेवाळाने असा निसरडा होतो की पट्टीचा पोहणारासुद्धा काठाला वर चढू शकत नाही. काठाला बांधलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब नसेल तर परत उतरू नको. मामांना माझा निरोप सांग.

धुळे_मेडिकल (सकाळी ९:३०)

सिस्टरांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त एक प्रश्न विचारतो. दादा, सध्या काही गोळ्या चालू आहेत का? पिंपल्सच्या वगैरे?

मामेभावांना काही झालं नाही याचं अर्धं उत्तर सोपं आहे. ते रोज उन्हात असतात आणि तुमच्या पाठीने कित्येक वर्षांत ऊन पाहिलेलं नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, एवढंच. भाजतं तिलाही. पण फोड आलेत म्हटल्यावर मला औषधाची शंका येते. डॉक्सीसायक्लिन नावाची कॅप्सूल चालू असेल तर नेहमीपेक्षा कमी उन्हातही कातडी भाजते. बीपीच्या काही पाणी काढणाऱ्या गोळ्यांनीही हे होतं.

आणि काउंटरवर जाऊन ‘भाजल्यावरची ट्यूब द्या’ एवढंच म्हणू नका. कुणी सुन्न करणारं मलम देईल, कुणी स्टिरॉइडची मिक्स ट्यूब देईल. सुन्न करणाऱ्या मलमाची काहींना ॲलर्जी येते, मग भाजलेलं कुठलं आणि ॲलर्जी कुठली तेच कळत नाही. खाज सुटली तर कॅलामाइन पुरे.

चोपड्याचा_पाहुणा (सकाळी १०:१०)

बॅगेतून पाकीट काढून बघितलं. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम! पाच आठवडे झाले घेतोय. लिहून देणाऱ्यांनी ‘भरपूर पाण्याबरोबर घ्या’ एवढंच सांगितलं होतं, उन्हाचं अक्षर नाही. आजची घेऊ की बंद करू?

रात्री लुगड्याचा प्रयोग केला. चार वेळा. पहाटे तीनला गच्चीवर खाटेवर पालथी झोप लागली, दोन दिवसांतली पहिली.

धुळे_मेडिकल (सकाळी १०:२५)

मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना आत्ता फोन करा, फोटो पाठवा. दुपारचं बाहेर पडणं मात्र आजपासून बंद.

सावद्याची_सिस्टर (सकाळी ११:००)

विचारलंस ते बरं केलंस भाऊ, मी विचारायला हवं होतं.

बाळा, प्रवासात बॅग हातात धर. बनियन उलटं घाल, म्हणजे शिवण बाहेरच्या बाजूला राहते. वरून जुना सैल सुती शर्ट, नवा कडक नको. ट्रॅव्हल्सच्या सीटला पाठ टेकवायची तर मध्ये तेच लुगडं घे. मागून घे आजींकडून, देतील.

चोपड्याचा_पाहुणा (सहा दिवसांनी)

पुण्यात पोचलो. डॉक्टरांनी फोनवरच ती कॅप्सूल थांबवून दुसरं औषध दिलं. दोन फोड आपोआप बसले, एक बॅगेच्या पट्ट्याने फुटला (हो, स्टँडवर दोन मिनिटं खांद्याला लावलीच). धुऊन गॉज ठेवला, चिघळला नाही.

आता पाठीची सालपटं निघतायत. बटाट्याच्या पापडासारखी पातळ, गादीवर पडतात. ओढायचा फार मोह होतो, पण ओढत नाही, मॉइश्चरायझर लावून गप्प बसतो. खाली निघालेली कातडी गुलाबी आहे आणि खिडकीतलं ऊनसुद्धा तिला खुपतं, त्यामुळे ऑफिसला पूर्ण बाहीचा शर्ट.

आजीचा रोज फोन येतो, तूप लावलं का म्हणून. तिने निघताना डबा भरून दिला होता. मी हो म्हणतो. वरणभाताबरोबर काल संपलं. लुगडं मात्र परत द्यायचं राहिलंय, मामांनी पोरांना शेततळ्याला दोर बांधायला लावलाय, तो बघायला जाईन तेव्हा नेईन.