पर्ज व्हॉल्व्हमुळे होणारी हवेची गळती: तुमच्या गाडीत कशी सापडली?

मंडळी, गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०१७१ हा कोड येतो, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. मग प्लग, कॉइल, ऑक्सिजन सेन्सर असे एकेक पार्ट बदलत बसायचं. माझ्या गाडीत दोष पर्ज व्हॉल्व्हचा निघाला. टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातल्या कोळशात साठते आणि हा व्हॉल्व्ह ती बेताबेताने इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, सोडतो. करंट नसताना तो बंदच हवा. थंड इंजिन सुरू करून मी कॅनिस्टरकडचा पाइप व्हॉल्व्हवरून काढला आणि तोंडावर बोट ठेवलं. बोट चक्क ओढलं गेलं, आणि भोक झाकलं जाताच थरथर थांबली. तुम्ही कसं शोधलंत? लक्षणं आणि तपासाचा क्रम, दोन्ही लिहा.

* * *

आमच्याकडे लक्षण वेगळं होतं. एरवी गाडी ठणठणीत, पण टाकी भरली की लगेच सुरू व्हायची नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की धापा टाकत चालू व्हायची. उघड्या व्हॉल्व्हमधून वाफ थेट मॅनिफोल्डमध्ये भरायची आणि मिश्रणात पेट्रोल जास्त व्हायचं. एकाच दोषाने कधी हवा जास्त, कधी पेट्रोल जास्त, म्हणून नुसत्या कोडवर विसंबू नका.

* * *

मी आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघतो, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तो +२० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याच्या आसपास आला, की गळतीच धरायची. आयडलला इंजिन मुळात हवा थोडी घेतं, त्यामुळे चोरवाटेची हवा जास्त जाणवते. हे एमएएफ सेन्सरच्या, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाड्यांचं झालं. नुसता मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर ट्रिम फारसा हलत नाही, आयडलच चढं राहतं.

* * *

स्मोक टेस्टमध्ये (इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघतात) काहीच दिसलं नाही, तरी निर्धास्त राहू नका. व्हॉल्व्ह उघडा असेल तर धूर बाहेर न येता कॅनिस्टरकडे जातो. पर्जचा पाइप चिमट्याने दाबून आयडल सुधारतं का ते बघा, उत्तर तिथेच मिळतं.

* * *

काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटा. आमच्या व्हॉल्व्हमधून काळे कण पडले. कॅनिस्टर फुटून त्यातला कोळसा आला होता. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नवाही अडकतो. पाइप साफ करा, कॅनिस्टरही बदला. आणि पंपावर नोझल आपोआप बंद झालं की तिथेच थांबा. वरून ओतलेलं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं.

* * *

बोट लावून बघणाऱ्यांसाठी एक भर. इंजिन गरम झाल्यावर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा ओढ लागणारच. व्हॉल्व्हचा वायरचा कनेक्टर काढा. ओढ थांबली तर व्हॉल्व्ह शाबूत, तशीच राहिली तर बाद. काही व्हॉल्व्ह फक्त तापल्यावरच अडकतात, म्हणून ही तपासणी थंड आणि गरम, दोन्ही वेळी करा.