'नंतर यूट्यूबवर बघा की' म्हणणाऱ्यांसाठी

निशाचर:
परवा इथे एकाने लिहिलं होतं, 'गेममधल्या दहा मिनिटांच्या तमाशासाठी रात्री अडीचचा गजर लावणाऱ्यांची कीव येते. सकाळी आरामात यूट्यूबवर बघा, तेच दिसतं.' तेव्हा गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना.

तेच नाही दिसत, साहेब. 13 ऑक्टोबर 2019, रात्रीचे साडेअकरा, फोर्टनाइट या ऑनलाइन गेममधला, लाइव्ह आणि एकदाच होणारा कार्यक्रम 'द एंड'. रॉकेट उडालं, आकाशाला भेगा पडल्या, तलावावरच्या गोळ्यावर उल्का आदळली आणि झाडं, घरं, अख्खा नकाशा आमच्यासकट एका ठिपक्यात ओढला गेला. मग पडद्यावर नुसतं काळं विवर. मेनू नाही, बटण नाही. मित्राचा फोन, "अरे, माझा पीसी हँग झालाय का?" म्हटलं, माझंही तेच. अर्धा तास आम्ही दोघं फोन कानाला लावून त्या विवराकडे बघत बसलो. मधूनच त्यात आकडे उमटायचे, ते त्याने वहीत उतरवून घेतले. विवर पुढे जवळपास दोन दिवस तसंच होतं. आता हसू येतं, पण त्या रात्री गेम परत येतो की नाही हे आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. व्हिडिओ बघणाऱ्याला ते ठाऊक असतं. फरक तेवढाच आहे, आणि तोच सगळा आहे.

तर्कट:
परवाचं मीच लिहिलं होतं. मागे घेत नाही.

एप्रिल 2020 मध्ये रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या फोर्टनाइटमधल्या मैफलीच्या पहिल्या खेळाला 1 कोटी 23 लाख लोक एकाच वेळी होते म्हणे. पण एका सर्व्हरवर शंभराच्या वर माणूस मावत नाही. म्हणजे लाखाहून जास्त बंद खोल्या आणि प्रत्येक खोलीत तीच चित्रफीत. गायक तिथे नव्हताच, सगळं आधी तयार करून ठेवलेलं. वर पाच वेळा दाखवलं. यात 'एकदाच' काय आहे?

आणि तुझा तो गिळलेला नकाशा नोव्हेंबर 2023 मध्ये परत आणला की त्यांनी. मयत स्वतःच चौथ्या वर्षश्राद्धाला पानावर येऊन बसलं.

जुना_जाणता:
दोघंही पोरं आहात. ऑगस्ट 1997, 'अल्टिमा ऑनलाइन' या गेमची चाचणी. गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियट 'लॉर्ड ब्रिटिश' बनून प्रजेला दर्शन द्यायला आला. त्याचं पात्र अमर असायचं, पण त्या दिवशी ते अमरपण चालू करायचं राहिलं होतं. एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा जागच्या जागी गतप्राण! हा खरा प्रसंग. कुणी ठरवला नव्हता. तुमच्या फोर्टनाइटमध्ये तुम्ही नाचलात काय आणि झोपलात काय, शेवट तोच.

निशाचर:
काका, तुम्ही तिथे होतात?

जुना_जाणता:
नव्हतो. 97 साली आमच्याकडे फोनसुद्धा शेजाऱ्यांचा होता. मुद्दा तो नाही.

तर्कट:
मुद्दा नेमका तोच आहे. न बघताही तुम्हाला सगळं पाठ आहे, म्हणजे माझंच खरं.

आर्यची_आई:
मी गेम खेळत नाही, पण बोलणार. डिसेंबर 2020, मुलगा सातवीत, शाळा ऑनलाइन. 2 तारखेला रात्री अडीचला फोर्टनाइटचा 'गॅलॅक्टस' कार्यक्रम होता. याने उशीखाली फोन ठेवून गजर लावलेला. गजर ऐकून सासूबाई उठल्या, बाहेरच्या खोलीत निळा उजेड बघून त्यांना वाटलं चोर शिरला. लाटणं घेऊन उभ्या! सकाळी आठच्या तासाला चिरंजीव कॅमेरा बंद करून घोरत होते आणि माइक चालू. बाईंचा मला फोन. हे सगळं कशासाठी, तर उडती बस एका जांभळ्या राक्षसाच्या तोंडात घालायची म्हणून.

कोल्हापुरी_पिंग:
काकू, पुढच्याच महिन्यात गाबा कसोटी होती. साडेपाचला चालू व्हायची. तुमच्या घरात टीव्ही लागला नाही, असं शपथेवर सांगा.

आर्यची_आई:
लागला होता. यांनीच लावला होता. क्रिकेटची आणि याची बरोबरी करू नका.

कोल्हापुरी_पिंग:
का बरं? बाप पहाटे उठला तर देशप्रेम आणि पोरगं उठलं तर व्यसन?

तर्कट:
कारण गाबाचा निकाल आधी लिहिलेला नव्हता. महिनाभर आधी आपण 36 मध्ये गारद झालो होतो. पंतच्या नाबाद 89 ची पटकथा कुणी दिली नव्हती.

निशाचर:
म्हणजे तू पाचव्या दिवशी लाइव्ह बसला होतास? हायलाइट्स का नाही बघितलेस? सकाळी आरामात, यूट्यूबवर?

तर्कट:
क्रिकेट वेगळं.

जुना_जाणता:
टीव्हीवर मॅच बघणं हेही काही हजर राहणं नव्हे. आम्ही ब्रेबॉर्नला उन्हात बसून...

कोल्हापुरी_पिंग:
काका, पुरे! क्रिकेटवर वीस ओळी झाल्या, गेमवर दोन. माझं दुखणं वेगळंच आहे. या सगळ्या वेळा अमेरिकेच्या सोयीच्या. त्यांची दुपार ती आमची मध्यरात्र. 15 जून 2020 ला फोर्टनाइटच्या 'द डिव्हाइस' कार्यक्रमाच्या वेळी मी वेळेत जागा होतो, पण गर्दी इतकी की आत घेतलंच नाही. कंपनीनेच नंतर सांगितलं, 1 कोटी 20 लाख आत आणि 84 लाख बाहेर स्ट्रीमवर. मी त्या 84 लाखांतला. तर्कटराव, तुमचा 'तेच दिसतं'वाला अनुभव मी घेतलाय. बाहेरून लग्नाचा बँड ऐकल्यासारखं होतं.

तर्कट:
बरं. गाबाचं मान्य, मी चारच्या गजराने उठलो होतो. पण दहा मिनिटांच्या फितीला 'इतिहास' म्हणणार नाही.

निशाचर:
उपकार झाले. लाखभर खोल्यांचं मीही मान्य करतो. माझ्या खोलीत एक मित्र होता, तेवढा पुरला.

आर्यची_आई:
आर्य यंदा बारावीत आहे. पुढचा कार्यक्रम कधी ते तारीख-वेळेसकट इथे टाका. राउटर त्या रात्री माझ्या कपाटात असेल.